लांबत जाणं, आटत जाणं

सीतादहीची पूजा झाली की वऱ्हाडातल्या मलकापूरच्या शिवारात कापसाची वेचणी सुरू होते. पहिल्या वेच्याला शेत पांढरंफेक असतं. मग बोंडं विरळ होतात, वेचा हलका होत जातो. हाताशी पाणी असलेला शेतकरी मात्र पऱ्हाटी उपटत नाही, हंगाम लांबवत नेतो. हीच फरदड. गुलाबी बोंडअळीचं त्यात फावतं, म्हणून कृषी खातं फरदड घेऊ नका असं सांगत असतं.

वेचा असा हलका होत जाणं म्हणजे इंग्रजीतलं ‘टेल ऑफ’ आणि हंगाम लांबवत नेणं म्हणजे ‘स्पिन आउट’. ‘स्पिन’ म्हणजे सूत कातणं. पेळूतून धागा ओढत न्यावा तसा वेळ ओढत न्यायचा. कापसाच्या मुलखातल्या पोरांना हे क्रियापद परकं का वाटावं?

तरी वाटतं खरं. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच म्हटलं होतं की परकीयांना सर्वांत जड जातात ती हीच, मागे ‘ऑफ’, ‘आउट’ असा शब्द जोडलेली क्रियापदं. त्यांचं ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापलं गेलं ते 1925 मध्ये, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकात. तेव्हापासून या क्रियापदांच्या याद्या निघाल्या आणि आपली मुलं त्या घोकत आली. पण अशी क्रियापदं जे सांगतात ते वाढणं आणि सरणं हळूहळू घडतं. ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मनात ठरत नाही.

मलकापुरात ते जागोजाग दिसतं. उन्हाळ्यात नळगंगा आटून जाते: ‘ड्राय अप’. मुंबई-हावडा मार्गावरच्या मालगाडीची धडधड नांदुऱ्याच्या दिशेनं विरत जाते: ‘डाय अवे’. त्याच मार्गावर पुढे जलंबला खामगावच्या कापूसबाजाराकडे जाणारा फाटा फुटतो, 1870 पासूनचा: ‘ब्रांच ऑफ’. लग्नाची बोलणी रेंगाळत राहतात: ‘ड्रॅग ऑन’. इथे ‘अप’ पुरतं संपणं सांगतो, ‘ऑन’ चालूच राहणं, ‘अवे’ दूर जात विरणं. मराठीत हे काम जाणं, नेणं, राहणं करतात. आटून जातं, लांबवत नेतो, रेंगाळत राहतं, हे फरक मुलांनी शाळेचं तोंड पाहण्याआधीच आजीच्या बोलण्यातून उचललेले असतात.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीतच इंग्रजी आलं. म्हणून वऱ्हाडातल्या गुरुजींना आणि बाईंना मनापासून सांगावंसं वाटतं: यादी थोडा वेळ बाजूला ठेवा. या पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत आपल्या गावात काय वाढलं, काय लांबलं, काय सरलं, ते मुलांना आधी वऱ्हाडीत सांगू द्या, मग इंग्रजीत. इंग्रजी तोंडात बसेलच. शिवाय आपल्या घरच्या बोलण्यात केवढं बारीक पाहणं साठलं आहे, हेही त्यांना ताठ मानेनं सांगता येईल.