नव्या पायताणानं जोतिबाचा खेटा

माघ लागला की रविवारी पहाटे कोल्हापूरचा पंचगंगा घाट गजबजतो. थंडी असते, नदीवर धुकं असतं, तरी माणसं पाण्यात उतरतात, डुबकी मारून अंग पुसतात आणि ओल्या केसांनीच जोतिबाच्या वाटेला लागतात. हे जोतिबाचे खेटे. दक्षिणेतलं कार्य आटोपून जोतिबा केदारनाथाकडे परत निघाला, तेव्हा अंबाबाई कोल्हापुराहून अनवाणी चालत डोंगरावर गेली आणि तिनं त्याला थांबवून घेतलं, अशी आख्यायिका सांगतात. म्हणून कोल्हापूरची माणसंही माघातल्या रविवारी पायी जातात, नेमाची माणसं पाच खेटे पुरे करतात. शिवाजी पूल ओलांडायचा, वडणगे, निगवे, कुशिरे ही गावं मागं टाकायची आणि गायमुखावरून डोंगर चढायचा.

मी यंदा या वाटेला नवी कोरी कोल्हापुरी घालून निघालो, आणि तेही ठरवून. कोल्हापुरी कपाटात ठेवून मऊ होत नाही, घरातल्या फरशीवर चार फेऱ्या मारूनही होत नाही. तिला लांबचं चालणं लागतं, पायाची ऊब लागते, घाम लागतो, चढ लागतो आणि उतारही लागतो. हे सगळं एका दिवसात देणारी वाट कोल्हापूरच्या माणसाला शोधावी लागत नाही.

बरोबर मामा होते. त्यांचा अनवाणी जायचा नेम आहे. माझ्या पायांकडे बघून त्यांनी विचारलं, "नवं पायताण? आजच?"

"आजच. चालेल ना?"

"चालंल की. नेम माझा हाय, तुझा न्हाई. देवळाच्या दारात काढलंस म्हंजे झालं."

जोड घेतला होता सुभाषनगरातल्या एका कारागिराकडून, त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून. कापशी घाटाचा, दुहेरी तळाचा, दोन्ही बाजूंना कान, म्हणजे कातड्याच्या पाळ्या, असलेला. तळ म्हशीच्या कातड्याचा. हातात घेतला तेव्हा वजनच जाणवलं. दोन्ही हातांनी वाकवून पाहिला तर जेमतेम बोटभर वाकला. पट्ट्यावरची वेणी कारागिराच्या बायकोनं घातलेली. तळहाताएवढ्या जागेत कातड्याच्या बारीक वाद्या एकमेकींखालून इतक्या घट्ट काढलेल्या, की नख घालून पाहिलं तरी फट सापडत नव्हती. तळाचे थर कातड्याच्याच वादीनं शिवलेले, खिळा कुठंच नाही. रापीनं कापलेली तळाची कड उजेडात धरली की थरावर थर स्पष्ट दिसत होते.

मी पाय घालून पाहिला आणि म्हणालो, अंगठा फार घट्ट बसतोय. म्हणजे पायाचा अंगठा ज्यात अडकतो तो वादीचा वेढा. त्यालाही अंगठाच म्हणतात. कारागिरानं माझ्या टाचेमागं किती तळ उरतोय ते बोटानं मोजलं आणि मान हलवली.

"घट्टच पायजे. आज बरोबर बसलं तर म्हैन्यानं पाय भायेर येतोय."

एवढ्या एका वाक्यात मला त्या धंद्यातली फार मोठी जाण दिसली. दुकानात पाय ठेवताक्षणी गुबगुबीत वाटणारी पादत्राणं विक्रीच्या क्षणासाठी बनवलेली असतात. या माणसानं माझा पाय मापला तो सहा महिन्यांनंतरच्या चपलेसाठी. कातडं किती ताणेल, कुठं दबेल, कुठं वाढेल याचा अंदाज त्याच्या बोटांत होता आणि शेवटचा हात फिरवायचं काम त्यानं माझ्यावर सोपवलं होतं. त्या कामासाठी तीन गोष्टी सांगितल्या. पट्ट्याला आणि कानाला आतून एरंडेल चोळायचं, रात्रभर मुरू द्यायचं. पाय किंचित ओलसर असला तर चालेल, पण चप्पल भिजवायची नाही. आणि काही झालं तरी उन्हात ठेवायची नाही.

या सूचनांमागं कातडं कमावण्याची पद्धत आहे. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. आधी चुन्यात घालून केस काढायचे, मग सालीचा रस कातड्यात मुरवायचा. कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगायची आणि आत सालीचं पाणी भरून ते हळूहळू झिरपू द्यायचं, अशीही इकडची जुनी रीत आहे. याला आठवडेच्या आठवडे लागतात. क्रोमचे क्षार वापरून कारखान्यात हेच काम फार लवकर उरकतं, कातडंही सुरुवातीपासून मऊ मिळतं, पण ते दाबलं तरी पुन्हा मूळच्या आकारात येऊ पाहतं. सालीवरचं कातडं आधी ताठ असतं. मात्र ते घाम आणि ओल शोषतं, उबेनं सैल होतं, आणि एकदा ज्या आकारात दाबलं गेलं तो आकार धरून ठेवतं. बोटांचे खळगे जुन्या कोल्हापुरीत इतके स्वच्छ उमटतात ते यामुळं. हेच कातडं चिंब भिजवून उन्हात टाकलं तर आतलं तेल जातं, ते आक्रसतं आणि तडकतं.

घाटावर म्हणूनच मी चपला पाण्यापासून लांब, पिशवीत ठेवल्या होत्या. पाय पुसले, अंगठ्याच्या मुळाशी सुती कापडाची पट्टी गुंडाळली आणि मगच घातल्या.

शिवाजी पुलावर अंधारच होता. पुढच्या माणसांच्या हातातल्या बॅटऱ्या हलत होत्या, मधूनच कुणीतरी "जोतिबाच्या नावानं" म्हणायचं आणि अख्खा पूल "चांगभलं" म्हणून उत्तर द्यायचा. अनवाणी पावलांचा आवाज होत नाही. माझ्या चपलांचा होत होता, खणखणीत. पूर्वी मुद्दाम करकर वाजावं म्हणून तळाच्या थरांत विंचवाच्या झाडाचं बी घालत. माझ्या जोडात ते नव्हतं, तरी नवा तळ डांबरावर पडला की टाळी वाजल्यासारखा वाजायचा. कारण तळ वाकत नव्हता. पाऊल टाचेकडून बोटांकडे गोल फिरण्याऐवजी पाटीसारखं सपाट पडत होतं, टाच आपटत होती. अशा वेळी चाल बदलावी लागते. पावलं आखूड टाकायची, पाय थोडा उचलून ठेवायचा, बोटांनी चप्पल आवळून धरायची नाही. आवळली की पोटऱ्या भरून येतात, हे मामांनी अंधारातसुद्धा माझ्या चालीवरून ओळखलं.

"बोटं सोड," ते म्हणाले. "त्येला धरू नगंस. त्येच तुला धरंल."

वडणग्याच्या पुढं उजाडलं. दोन्ही बाजूंना ऊस, तोडलेल्या रानात पाचट पसरलेलं, आणि कुठल्यातरी गुऱ्हाळातून काहिलीचा गोड वास. माघ म्हणजे ऐन हंगाम. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उसाच्या मोळ्या लादून शेजारून जात होत्या. वाटेत तरुण मंडळांची पोरं चहा वाटत होती. हातात पेला देताना प्रत्येकाला "घ्या माउली" म्हणत होती.

निगव्याच्या आसपास चप्पल चावायला लागली. तिच्या चावण्याच्या जागा ठरलेल्या असतात. पहिली जागा अंगठा आणि शेजारच्या बोटामधली खाच. दुसरी पावलाच्या फुगीर भागावर पट्ट्याची पुढची कड टेकते तिथं. तिसरी कान जिथं बाजूला घासतो तिथं. थोडं चुरचुरलं की थांबायचं, पाय बाहेर काढायचा, बघायचं. लाली असेल तर तेलाचं बोट त्या कडेवर फिरवायचं आणि पट्टी सरकवायची. कातडी गरम लागून फुगल्यासारखी वाटली, तर मात्र फोड येण्याआधीच चप्पल काढून थोडं अनवाणी चालावं. सहन करत रेटण्यात मोठेपणा नाही. एकदा फोड फुटला की माणूस त्या पायावर भार देत नाही, तिरकं चालतो, आणि मग तळही तिरका दबतो. नवं कातडं तो तिरकेपणा लक्षात ठेवतं.

मी निगवे सोडताना डावी चप्पल हातात घेतली आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी असा काही अंतर गेलो. सकाळची माती पायाला थंड लागली. शेजारी मामांची पावलं पडत होती. त्यांच्या टाचा मी इतक्या जवळून प्रथमच पाहत होतो. वर्षानुवर्षांच्या खेट्यांनी तळवा जाड, कडेला पिवळट आणि चिरांनी भरलेला, पण खड्यावर पडताना कुठंही कचरत नव्हता.

कुशिऱ्यात सगळे टेकतात. मीही एका कट्ट्यावर बसून चपला उलट्यासुलट्या करून पाहिल्या. उजव्या तळावर अंगठ्याखाली गडद डाग उमटला होता, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. त्यावर बोट फिरवलं तर खोलगट लागत होतं. बाकीच्या बोटांच्या जागी नुसती सावली होती. टाचेचा भाग अजून कोरा, पिवळसर, कारागिरानं दिला तसाच. एवढ्या चालण्यानं कातड्यावर माझा पाय उमटायला लागला होता.

मला इथं मिलानची आठवण झाली. जून २०२५ मध्ये प्राडानं तिथल्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला आणल्या, सुरुवातीला उगमाचा उल्लेखही नव्हता, मग इकडून आवाज उठला आणि ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं कंपनीनं मान्य केलं. आवाज उठायलाच हवा होता. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. पण मला त्याहून एक गोष्ट सांगावीशी वाटते. शोच्या मंचावरची चप्पल काही पावलं चालते आणि उतरते. कोल्हापुरीचा घाट तेवढ्यात दिसेल, तिचा गुण दिसणार नाही. तिच्या कारागिराला मान द्यायचा तर ती घालून चाललं पाहिजे, झिजवली पाहिजे आणि तळ गेला की त्याच्याकडेच नवा घालून घेतला पाहिजे.

कुशिऱ्यानंतर चढ लागला आणि चपलेचं वागणंच पालटलं. चढावर भार पावलाच्या पुढच्या भागावर येतो, टाच उचलते, त्यामुळं तळाला बोटांच्या मागच्या रेषेत वाकावंच लागतं. गायमुखाच्या वाटेवर प्रत्येक पावलागणिक तो थोडा थोडा सैल होत गेला. पायाला घाम होता, ऊन अंगावर आलं होतं, सकाळी पाटीसारखा आपटणारा तळ आता पायाबरोबर उचलला जात होता. टाळी थांबली, तिच्या जागी वेणीचा बारीक कुरकुर आवाज आला. माझ्यापुढं एक आजी नातवाचा हात धरून चढत होत्या. त्या मागं वळून म्हणाल्या, "कुरकुरतंय झ्याक. कुठनं घेतलंस?" मी सुभाषनगर सांगितल्यावर त्यांनी किंमत विचारली, ती ऐकून जरा थांबल्या, आणि म्हणाल्या, "हातची हाय ना? मग बरोबर हाय."

डोंगरावरच्या जोतिबाच्या गावाच्या, वाडी रत्नागिरीच्या कमानीपासून गुलाल सुरू झाला. आजचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेलं. काळा दगड, पण गुलालानं त्याचा काळेपणा शोधावा लागतो. पायऱ्या, ओवऱ्या, माणसांच्या भुवया, सगळं गुलाबी. खोबऱ्याच्या वाट्यांचे ढीग, दवण्याचा वास. मामांनी सांगितल्याप्रमाणं दारात चपला काढल्या आणि अनवाणी आत गेलो. दर्शन डोळे भरून झालं. गर्दीनं थांबू दिलं तेवढंच, पण समोर तलवारधारी, मिशीवाला, राजासारखा देव होता आणि मामा हात जोडून काहीच न मागता उभे होते.

बाहेर आल्यावर बहुतेक माणसं खालच्या प्रवासाला गाडी धरतात. मी मामांना म्हणालो, कुशिऱ्यापर्यंत चालत उतरू. कारण चढ तळाला वाकवतो, उतार अंगठ्याला तपासतो. उतरताना पाय पुढं घसरतो, सगळा भार अंगठ्याच्या वेढ्यावर आणि पट्ट्यावर येतो. पट्टा ढिला असेल तर बोटं चपलेच्या पुढं जाऊन दगडावर आपटतात. सुभाषनगरात घट्ट वाटलेला वेढा आता बरोबर बसला होता. ताणून सैल झाला होता, तरी पायाला जागच्या जागी धरून होता. मी मुद्दाम एका खड्या उतारावर थांबून खाली पाहिलं. टाच तळाच्या कडेच्या आत, बोटं आत, कुठंही सरक नाही. त्या माणसानं बोटानं मोजलेलं अंतर इथं, डोंगराच्या उतारावर, खरं ठरलं होतं.

डाव्या पायाचं काम मात्र अपुरं राहिलं. माझा डावा पाय किंचित रुंद आहे, कान अजून घासत होता, त्यामुळं मी त्या बाजूला जपून पाऊल टाकत होतो. कुशिऱ्यात गाडी मिळाली. मामांना खिडकीपाशी झोप लागली.

घरी येऊन कोरड्या फडक्यानं दोन्ही चपला पुसल्या. वेणीत अडकलेला गुलाल जुन्या टूथब्रशनं काढला, तरी दोन वाद्यांच्या मध्ये थोडा राहिलाच, तेलात बसलेला गुलाल निघत नाही. उजव्या चपलेला आता तेल लावणार नाही, ती बसली आहे, जास्त तेलानं कातडं लोळागोळा होतं. डावीच्या कानाला आतून रोज रात्री थोडं एरंडेल लावायचं, आणि तरीही घासला तर पुढच्या रविवारच्या आधी सुभाषनगरात जाऊन कानाची एक शिलाई उसवून तो सूतभर बाहेर घ्यायला सांगायचं.