पितळाच्या भावानं

फवारणीचा जुना पितळी पंप दुकानात आला की मोठेबाबा कुणाला त्याला लगेच हात लावू देत नसत. आधी झाकण उघडून टाकी विसळायची, मग पंप मागच्या अंगणात उन्हात उलटा ठेवायचा. वर्धा जिल्हा कपाशीचा, त्यामुळे पुलगावच्या त्यांच्या भंगाराच्या दुकानात असे पंप यायचेच. ऊन खाऊनही औषधाचा उग्र वास जात नसे. नंतर चामड्याचा वायसर, रबरी नळी, लोखंडी दांडा असं एकेक सुटं व्हायचं आणि पिवळी टाकी तेवढी उरायची. "लोखंड पितळाच्या भावानं विकाचं नाई," असं म्हणत ते शेवटचा स्क्रूसुद्धा काढून वेगळा टाकत.

खिशात चुंबक असायचा, पण तो गिऱ्हाइकाची खात्री पटवण्यापुरता. चुंबक चिकटला तर आत लोखंड, वर मुलामा, हे पोरंही सांगतात. पण तो चिकटला नाही म्हणून माल पितळाचा ठरत नाही, जस्तालाही चुंबक धरत नाही. चकचकीत पांढरा नळ आला की मोठेबाबा त्याच्या कडेला कानस मारत. आतून पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर जस्त. घासलेली जागा तांबूस असली तर तांब्याचा अंश जास्त. कासं ते कानाने ओळखत. थाळी बोटांच्या टोकांवर तोलून टिचकी मारायची; कासं असेल तर नाद बराच वेळ रेंगाळतो. त्यात कथील असतं, म्हणून भाव चढा. ते पितळाच्या ढिगात गेलं तर नुकसान आपलंच. समईच्या पोकळ बुडात लाख भरलेली असायची, ती तापवून काढावी लागे. स्टोव्हच्या टाक्या, पराती असं चादरीचं पितळ एका पोत्यात. नळ, बर्नर, व्हॉल्व्ह असं ओतीव दुसऱ्यात. चादरीचा माल भंडाऱ्याला जायचा. पितळी भांड्यांसाठी ते गाव जुनं नावाजलेलं.

मोठेबाबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. माणूस हळवा नव्हता. घरोघरी स्टील आलं तेव्हा बायका गुंड, गंगाळं, कळश्या घेऊन दुकानात येत. गुंडाच्या गळ्यापाशी टोचून नाव घातलेलं असे, कधी माहेरचं गाव, कधी लग्नाची तारीख. तोलून पैसे हातावर ठेवले की मोठेबाबा त्या बाईच्या देखतच गुंडावर घण घालत. मोठीआईला हे कधीच खपलं नाही. "तिले घरी तं जाऊ द्या!" ती आतून ओरडायची. फुगलेला गुंड पोत्यात मावत नाही, असं त्यांचं उत्तर ठरलेलं. मला मात्र वाटतं, बाईने तो परत मागितला असता तर त्यांना नाही म्हणता आलं नसतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

एक माल मात्र त्यांनी कधी घेतला नाही. पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. काडतुसाचं पितळ म्हणजे पितळातलं चोख, शंभरात सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. न चिरता ओढून त्याची लांब नळी काढता येते, म्हणून तेच वापरतात. असं काही घेऊन कुणी दारात आलं तर मोठेबाबा तराजूला हातही लावत नसत. "बंद तोंडाचं काई घ्याचं नाई," हा दुकानाचा कायदा. चावी जाम झालेल्या स्टोव्हलाही तो लागू होता.

20 नोव्हेंबर 2018 ला सकाळी सोनेगाव आबाजीजवळच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करायचं काम चालू असताना स्फोट झाला. सहा जण गेले. नष्ट केलेल्या मालातलं लोखंड-पितळ वेचायला आसपासच्या गावची माणसं तिथे जात, असंही तेव्हा छापून आलं होतं. मोठेबाबा अंथरुणाला खिळले होते. मी पेपर वाचून दाखवला. किती गेले, कोण गेले, काही विचारलं नाही.

"पितळापाई गेले का रे?"

मी म्हटलं, बहुतेक मजूर होते, कामावरच होते.

"मंग त्याईले भावबी मालूम नसन," म्हणाले, आणि पाणी मागितलं.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मोठीआई आधीच गेली होती, दुकान तर त्याच्याही आधी उठलं होतं. घरातलं पितळ विकायचं काम माझ्याकडे आलं. मोठीआईचा गुंड त्यात नव्हता. तो त्यांनी कधी विकला, की कुणाला देऊन टाकला, घरात कुणालाच सांगता येईना.

भंगारवाल्याच्या पोराने पोत्यावरून चुंबक फिरवला आणि काट्याकडे बोट दाखवलं. "सगळं मिक्समध्ये लागन, काकाजी."

मी पोतं फरशीवर ओतलं. चादरीचं इकडे, ओतीव तिकडे. काशाची थाळी वाजवून त्याच्या हातात दिली. त्याने उलटीसुलटी करून पाहिली आणि मिक्समध्येच ठेवली. ती मी उचलून पिशवीत टाकली. राहिलं गंगाळ. त्याच्या दोन्ही कड्या लोखंडी, रिबिटा गंजलेल्या.

"राहू द्या ना, काकाजी. तुमचंच वजन वाढते."

मी त्याच्याकडून छन्नी आणि हातोडा मागून घेतला.