सरीतली जागा

सोनईच्या शिवारात ऊस ही शेतातली नोकरी आहे. तोंडाने असं कोणी म्हणत नसेल, पण हिशेब तसाच मांडला जातो. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं पाणी आलं, गावातच मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि वावराला एक ठरलेलं पीक मिळालं. लागण झाली की कारखान्याचा चिटबॉय येऊन नोंद घेतो, पाळी आली की टोळी येऊन तोड करते, माल घेऊन बाजारात ताटकळावं लागत नाही. कांद्याचा भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा. उसाचा किमान दर मात्र सरकार ठरवतं, आणि ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याचं बंधन 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. ते दरवेळी पाळलं जातं असं नाही. तरी सोसायटीचं कर्ज, मुलाची फी, घरातलं लग्न हे सगळं उसाच्या बिलावरच टेकलेलं असतं. या निश्चिंतीला कमी लेखणाऱ्याने कोरडवाहू रानात दोन उन्हाळे काढून बघावेत. पोटाची सोय हा हलका विचार नाही, आणि आवडीच्या कामाची थोरवी सांगताना त्याला हलकं ठरवणं मला मान्य नाही.

अडचण वेगळी आहे. याच उसाच्या घरातल्या पंचविशीच्या मुलाला किंवा मुलीला आपण दोनच वाटा दाखवतो: आधी पायावर उभं राहा, आवडीचं मग बघू; नाहीतर सगळं सोडून आवडीच्या मागे जा. आवडीचं काम म्हणजे दरवेळी तबला किंवा नाटकच असतं असंही नाही. कित्येकांचा जीव शेतीतच असतो, पण नोकरी नसेल तर सोयरीक जमत नाही, म्हणून ते सुप्याच्या किंवा वाळूजच्या एमआयडीसीत पाळ्या करतात. आजोबांसाठी जी निश्चिंती होती, तीच शेती आता नातवासाठी धाडस झाली आहे. या दोन वाटांपैकी ‘मग बघू’ ही मला जास्त घातक वाटते, आणि का ते उसाकडे पाहिलं की समजतं.

ऊस लहान असतो तेव्हा सरीत मोकळी जागा असते. तिथे कांदा, हरभरा, कोबी असं आंतरपीक निघतं. साधारण चार महिन्यांनी मोठी बांधणी होते, मग पानं एकमेकांत गुंततात आणि जमिनीवर ऊन पोचत नाही. त्या अंधारात हरभरा टाकून काही उगवत नाही. जागा हवी असेल तर ती लागणीच्या वेळीच सोडावी लागते. जोडओळ पट्टा पद्धतीत दोन ओळी अडीच किंवा तीन फुटांवर धरतात आणि पुढच्या जोडीपर्यंत पाच किंवा सहा फुटांचा पट्टा मोकळा ठेवतात. ऊसही राहतो, पट्टाही राहतो. नोकरीचं असंच आहे. पहिल्या पगारापासून रोजचा एखादा तास राखला तर तो टिकतो. घराचे हप्ते, बढती, बदल्या यांची पानं जुळल्यावर तो शोधून सापडत नाही.

मराठी साहित्यातला मोठा ऐवज अशा पट्ट्यांत पिकला आहे. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते आणि कोकणावरच्या कादंबऱ्या लिहीत होते. ‘गारंबीचा बापू’ 1952 चा. दि. बा. मोकाशी पुण्यात रेडिओ दुरुस्त करत. ‘पालखी’ लिहिणारा हात दिवसा रेडिओच्या तारा जोडत होता, हे मला त्यांच्या कोणत्याही सन्मानापेक्षा मोठं वाटतं. अरुण कोलटकरांचं पोट जाहिरातीच्या चित्रकामावर चाललं, म्हणून कवितेला कोणाची मर्जी सांभाळावी लागली नाही. चूल ज्या कामावर पेटत नाही, ते काम बाजाराने वाकवलं तरी वाकत नाही.

यावर कोणी म्हणेल, उरल्या वेळात केलेलं काम छंदच राहतं. दादासाहेब फाळके नोकरी सांभाळत बसले असते तर ‘राजा हरिश्चंद्र’ झाला असता का? नसता. सिनेमा रोजच्या एका तासात होत नाही, आणि अशी कामं आहेत हे मान्यच केलं पाहिजे. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी, म्हणजे निश्चिंतीचा कागदच, गहाण ठेवला आणि 1912 मध्ये लंडन गाठलं. पण परत आल्यावर त्यांनी आधी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचं थोडं थोडं चित्रण केलं आणि ती छोटी फिल्म दाखवून भांडवल जमवलं. उडी घेणाऱ्यानेही आधी वाटाण्याएवढ्या जागेत काम करून दाखवलं होतं. शिवाय ती उडी एकट्याची नव्हती. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, कच्च्या फिल्मला भोकं पाडली, अख्ख्या मंडळींचा स्वयंपाक केला. फाळके 1944 मध्ये नाशिकला वारले तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नव्हतं. तेव्हा धोका पत्करायचाच असेल, तर जे तो सोबत वाहणार आहेत त्यांच्यासमोर घरखर्चाचा खरा आकडा मांडून, त्यांना विचारून पत्करावा. एकट्याने ठरवलेल्या त्यागाचं ओझं बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाच्या अंगावर पडतं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. हंगामात पाथर्डीकडून, बीडकडून जोडपी उचल घेऊन तोडीला येतात. एक जोडपं म्हणजे एक ‘कोयता’, माणसांची मोजदादही हत्याराने होते. पहाटेच्या थंडीत पाचटात उभ्या असलेल्या बाईला आवडीचं काम कोणतं, असं विचारणं क्रूर आहे. तिच्या वावरात पट्टा सोडायला जागाच नाही, कारण पुढच्या हंगामाचे कष्ट आधीच घेतलेल्या उचलीत अडकलेले असतात. म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत नाही. ते कोणाला लागू आहे एवढं त्यातून स्पष्ट होतं. तिच्या मुलांची शाळा हंगामात मोडू नये आणि तोडीचा दर कष्टाला साजेसा असावा, ही तिची आधीची गरज आहे. ती पूर्ण करण्याची जबाबदारी उसाच्या बिलावर उभ्या असलेल्या आपल्या सगळ्यांची आहे.

ज्यांच्या घरी मात्र कालव्याचं पाणी आहे, पगार आहे, पेन्शन आहे, त्यांना एवढीच विनंती: मुलाला ‘आधी सेटल हो’ म्हणण्यापूर्वी त्याच्यासोबत कागद घेऊन बसा, महिन्याला किती पुरेल तो आकडा लिहा, आणि उरलेल्या तासांतला एक त्याच्या नावाने आजच सोडा. अडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते. ओळींतलं अंतर त्याच दिवशी ठरतं.