स्थिरस्थावर

आपल्या मध्यमवर्गीय संसारांत ‘स्थिरस्थावर’ या शब्दाइतका वजनदार शब्द दुसरा क्वचितच असेल. मुलगा एकदां स्थिरस्थावर झाला कीं आईबापांनीं समाधानाचा निःश्वास टाकावा, हा जणूं आमचा कुलाचारच आहे. जड सृष्टींत मात्र स्थैर्याला सर्वत्र सारखाच मान मिळतो असें नाहीं.

टायटॅनियम डायऑक्साइडचेंच पाहा ना! भिंतीच्या रंगाला शुभ्रता येते ती याच भुकटीमुळें. १९९१ सालीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथें ब्रायन ओरेगन व मायकेल ग्रेट्झेल यांनीं तिच्यापासून एक अभिनव सौरघट सिद्ध केला. वीजवाहक कांचेवर भुकटीच्या अतिसूक्ष्म कणांचा पातळ थर द्यावयाचा, तो भाजावयाचा आणि रंगद्रव्यांत भिजवावयाचा. ऊन टिपतें तें रंगद्रव्य. त्यांतून सुटलेले इलेक्ट्रॉन वाहून नेते ती भुकटी. उन्हाच्या शक्तीपैकीं ७ टक्क्यांहून अधिक अंश त्या घटानें विजेंत उतरविला.

या भुकटीचीं प्रमुख स्फटिकरूपें दोन: ॲनाटेज आणि रुटाइल. अणु तेच, त्यांचें प्रमाणही तेंच; भेद केवळ रचनेचा. दोहोंत स्थिर तें रुटाइल. परंतु २००० सालीं अमेरिकेंत दोहोंचे सारख्याच जाडीचे थर ताडून पाहिले, तेव्हां विजेचा दाब जवळजवळ सारखा आढळला, तरी रुटाइलचा प्रवाह सुमारें ३० टक्के कमी भरला. त्याच्या थरांत रंगद्रव्याला चिकटावयास पृष्ठभाग थोडा, आणि कणाकणांचे सांधे विरळ असल्यानें इलेक्ट्रॉनची चालही मंद. म्हणून रुटाइल टाकाऊ नव्हे. प्रकाश परतविण्यांत व उन्हापावसांत टिकण्यांत तेंच सरस. भिंतीला तेंच हवें.

माझ्या पुतण्यानें कायमची नोकरी सोडून संशोधनाची वाट धरली आहे. शिष्यवृत्ति मुदतीची, घरभाडें मात्र दरमहाचें! “भावोजी, त्याला चार शब्द सांगा,” असें वहिनी वरचेवर म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाहीं. सौरघटाचा थरसुद्धां सुमारें ४५० अंशांवर भाजावाच लागतो. त्यावांचून कण एकमेकांस धरीत नाहींत. पण जाळ त्याहून फार वाढला, तर ॲनाटेजचें रुटाइल होऊं लागतें, आणि मग भट्टी कितीही निवविली तरी तें मागें फिरत नाहीं. चार शब्द मी सांगेन. मात्र जाळ बेतानेंच ठेवीन.