युरोपात जायचं, पण कुठे?

बालमित्रांनो, तुमच्या घरी सहलीचं ठिकाण कोण ठरवतं? आई-बाबा ठरवतात आणि तुम्ही पिशव्या उचलता, होय ना? आमच्याकडेही अगदी तस्संच होतं. गेल्या वर्षी मात्र एक मोठा रुसवा झाला आणि सगळंच बदललं. ती गंमत आज तुम्हांला सांगणार आहे. आई-बाबांनाही वाचायला द्या हं!

आम्ही चिंचवडला राहतो. मुलांच्या बाबांचं भोसरीच्या एम.आय.डी.सी.त छोटंसं वर्कशॉप आहे. चाकणच्या मोठमोठ्या कारखान्यांत गाड्या तयार होतात ना, त्यांना लागणारे बारीकसारीक सुटे भाग तिथे बनतात. बाबांची फार जुनी इच्छा होती, एकदा तरी युरोप बघायचा. दर दिवाळीला आम्ही थोडेथोडे पैसे बाजूला टाकत आलो होतो. एका संध्याकाळी बाबा एक रंगीत माहितीपत्रक घेऊन घरी आले. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘बारा दिवसांत सात देश!’

धाकटी सातवीत. ती तर टाळ्या पिटत नाचायलाच लागली. थोरला नववीत. त्याने पत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “मला नाही यायचं. तुम्ही तिघं जा. मी आजीपाशी राहीन.”

घरात एकदम सामसूम! बाबा काही बोलले नाहीत. उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला मात्र असा राग आला! इतकी वर्षं पै-पै साठवायची ती कोणासाठी? रात्री मी त्याच्या उशाशी जाऊन बसले, तेव्हा तो हळूच म्हणाला, “आई, बसमधून उतरायचं, फोटो काढायचा, परत बसमध्ये चढायचं. आणि मला कोणी विचारलं तरी का?”

खरं सांगू? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणखी तीन-चार वर्षांनी हा शिकायला कुठे बाहेर जाईल. मग चौघांनी मिळून अशी सहल पुन्हा कधी होणार? आम्ही त्याला विचारलंच नव्हतं.

रविवारी पोहे खाता खाता आम्ही घराची सभा भरवली. अध्यक्ष आजी. नियम सोपे होते. प्रत्येकाने एका कागदावर एकच ठिकाण लिहायचं आणि ते का, हेही लिहायचं. पैसे जमलेत तेवढेच, दिवस दहाच, आणि धावपळ नको.

बाबांनी लिहिलं, ‘स्वित्झर्लंड. युंगफ्राउयोखचा बर्फ.’ तिथे ३,४५४ मीटर उंचीवर रेल्वे स्टेशन आहे! धाकटीने लिहिलं, ‘पॅरिस. आयफेल टॉवर.’ मी रोम लिहिलं, कारण इतिहासाच्या पुस्तकातलं ते भलंमोठं कलोसियम मला पाहायचं होतं. थोरल्याचा कागद मात्र कोराच. आजी म्हणाली, “त्याला आठवडाभर मुदत द्या.”

तेवढ्यात मी व्हिसाची माहिती काढली. तुम्हांलाही ती उपयोगी पडेल. युरोपातल्या २९ देशांत मिळून एकच व्हिसा चालतो. त्याला ‘शेंगेन’ म्हणतात. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं छोटंसं गाव. १९८५ साली पाच देशांनी तिथे करार केला, म्हणून हे नाव. ज्या देशात जास्त दिवस राहायचं, त्या देशाकडे अर्ज करायचा. बारा वर्षं पूर्ण झाली की मुलांनाही मोठ्यांइतकीच फी पडते आणि बोटांचे ठसेही द्यावे लागतात. जून २०२४ पासून ही फी ९० युरो झाली. शिवाय निदान ३०,००० युरोंचा प्रवासविमा हवाच. म्हणजे तेरा वर्षांचं मूल व्हिसाच्या खिडकीपाशी मोठं असतं. मग घरीच ते लहान का?

पाचव्या दिवशी रात्री जेवताना थोरला म्हणाला, “एक गोष्ट वाचून दाखवू?” आणि त्याने वाचायला सुरुवात केली.

जर्मनीतल्या मानहाइम गावी कार्ल बेन्झ नावाचे इंजिनिअर राहत होते. १८८६ साली त्यांनी पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं. पण ती मोटार विकत घ्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा त्यांच्या पत्नीने, बेर्था बेन्झ यांनी एक धाडस केलं. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी होती. एका पहाटे त्यांनी आपली दोन मुलं बरोबर घेतली, पंधरा वर्षांचा ऑयगन आणि तेरा वर्षांचा रिशार्ड. नवऱ्याला न सांगता त्यांनी मोटार बाहेर काढली आणि निघाल्या माहेरी, फोर्ट्सहाइमला! अंतर शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. म्हणजे आपलं पुणे ते सातारा जवळजवळ एवढंच. मोटारीने इतक्या लांब तोवर कोणीच गेलं नव्हतं.

“बाबांना न विचारता?” धाकटीचे डोळे चमकले. आम्ही सगळे हसलो. बाबासुद्धा!

पुढे वाटेत काय काय झालं, ऐका. इंधनाच्या नळीत कचरा अडकला, तो बेर्थाबाईंनी टोपीच्या पिनेने काढला. इंधन संपलं, तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रावण विकत घेतलं. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून आजही ते दुकान दाखवतात. चढावर मोटार दमली की मुलं उतरून पाठीमागून ढकलायची. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं.

“थांब, थांब!” बाबांचा घास हातातच राहिला. “म्हणजे ब्रेकचं अस्तर चांभाराने लावलं? अरे, आमचं निम्मं काम ब्रेकच्या भागांचंच आहे!”

अंधार पडता पडता तिघं आजोळी पोचली आणि तिथून त्यांनी वडिलांना तार केली. चढावर गाडी दमते, हे बेर्थाबाईंनी परत आल्यावर सांगितलं, म्हणून मोटारीला आणखी एक गिअर बसवला गेला. चाकणला जाताना आपल्याला जो मर्सिडीज-बेन्झचा कारखाना दिसतो ना, त्यातला ‘बेन्झ’ हाच!

थोरल्याने कागद खाली ठेवला. “मला हा रस्ता बघायचाय. २००८ साली त्याला बेर्था बेन्झ यांचं नाव दिलंय. मधे हायडेलबर्ग लागतं, तिथे किल्ला आहे. शेवटी स्टुटगार्टला मोटारींचं संग्रहालय आहे. आणि तिथून पॅरिसला थेट रेल्वे जाते, साधारण सव्वातीन तासांत. म्हणजे हिचा आयफेल टॉवरही होईल.”

हायडेलबर्गचं नाव ऐकून मला आठवलं. तिथल्या विद्यापीठात ग्युंथर सोंथायमर नावाचे जर्मन अभ्यासक होते. मराठी शिकून त्यांनी खंडोबाचा आणि धनगरांच्या ओव्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. १९९२ साली ते वारले. हे ऐकताच आजीने कपाळाला हात लावला. खंडोबा आमचं कुलदैवत! “तो माणूस जर्मनीहून जेजुरीला आला आणि तुम्ही इथे राहून किती वेळा गेलात?” आम्ही माना खाली घातल्या.

मग ठरलं, रंगीत तालीम जेजुरीची, आणि सगळी व्यवस्था मुलांची! थोरल्याने पुण्याहून सुटणाऱ्या गाडीची वेळ टिपली, पण चिंचवडहून पुणे स्टेशनला पोचायचा वेळ धरायचाच राहिला. गाडी चुकली. मला बोलायचा फार मोह झाला, पण बाबांनी डोळ्यांनीच खुणावलं. पाच मिनिटं थोरला गप्प उभा होता. मग म्हणाला, “स्वारगेटला जाऊ, एस.टी.ने.” हिशोबाची वही धाकटीकडे होती. गडाच्या पायऱ्या चढताना आजीचा हात थोरल्याने धरला होता आणि पाठीमागून हलकेच आधार धाकटी देत होती. मला एकदम ऑयगन आणि रिशार्ड दिसले!

आता येत्या मे महिन्यात, दहावीची परीक्षा झाली की आम्ही निघणार. बाबांनी बर्फ सोडला, मी रोम सोडलं. वाईट वाटलं नाही असं नाही हं! पण परवा थोरला बाबांना म्हणाला, “बाबा, पुढच्या वेळी बर्फ. तेव्हा पैसे मीही देईन.” बाबा यावेळीही गॅलरीत जाऊन उभे राहिले, पण कारण वेगळं होतं.

म्हणून मुलांनो, तुम्हीही घरात अशीच सभा भरवा. ठिकाण युरोप असो की आजोळ, नुसतं “मला नाही यायचं” म्हणून थांबू नका. कुठे जायचं आणि का, ते कागदावर लिहा. आणि गाडी चढावर अडली, तर उतरून ढकलायची तयारी ठेवा. ठेवाल ना?