शस्त्राचें लक्षण

कोणत्याही पदार्थाचें लक्षण करावयाचें तर तीन दोष टाळावे लागतात, असें न्यायशास्त्र सांगतें. 'जिला शिंगें ती गाय' म्हटलें तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ति. 'जी कपिला ती गाय' म्हटलें तर पांढरी गाय गोठ्याबाहेर राहते, ही अव्याप्ति. 'जिचा खूर एकसंध ती गाय' म्हटलें तर जगांत गायच उरत नाहीं, हा असंभव. हा भाग केवळ वादविवादापुरता आहे, असें शिकणाऱ्यांपैकीं बहुतेकांस वाटतें. परंतु ज्यावर मनुष्याचा तुरुंगवास अवलंबून आहे असेंही एक लक्षण व्यवहारांत आहे. तें म्हणजे बंदुकीचें.

लातूरच्या औद्योगिक वसाहतींत लेथ चालविणारा आमचा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षीं नांदेडास आमच्या घरीं आला. हाताचा मोठा कसबी. रानडुकरें त्याच्या भावाचा भुईमूग रात्रींतून उकरून टाकीत. त्यावर उपाय म्हणून हलकी, स्वस्त, एकेरी गोळीची नवी रायफल त्यानें कागदावर आंखली होती. रानडुकरास मारण्याची परवानगी हा वनखात्याचा निराळा विषय, हें त्यास ठाऊक होतें. त्याचा प्रश्न दुसराच होता. "गुरुजी, नळी मी आठ दिवसांत तयार करीन, पण ही बंदूक कायद्याच्या कोणत्या रकान्यांत बसते, तेवढें सांगा." कायद्याची इंग्रजी प्रत त्यानें आणली होती. ती आम्ही दोघे दोन दिवस शब्दशः वाचीत बसलों.

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. त्याच्या व्याख्येंत पुरी बंदूक तर येतेच, पण तिचे सुटे भाग आणि शस्त्रें बनविण्याचीं यंत्रेंही येतात. पांचव्या कलमानें परवान्यावांचून बंदूक बनविण्यास, दुरुस्त करण्यास, इतकेंच नव्हे तर तिची चांचणी घेण्यासही मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ह्या अपराधास सात वर्षांहून कमी नाहीं आणि जन्मठेपेपर्यंत, अशी शिक्षा आहे. 'आधीं बनवून पाहूं, मग विचारूं' हा कारागिराचा नित्याचा मार्ग येथें समूळ बंद. तें ऐकतांच आमच्या विद्यार्थ्यानें हातांतील पेन्सिल खालीं ठेवली.

मग वर्गवारी पाहिली. तेथें बांधणाऱ्याचा हेतु कोणी विचारीत नाहीं. विचारतात ती रचना. घोडा दाबून धरला असतां गोळ्या सुटतच राहिल्या तर ती बंदूक निषिद्ध. लष्करी काडतूस तिच्यांत बसून उडत असेल, तर घडण कितीही साधी असो, ती सामान्य नागरिकाच्या वर्गांतून गेली; १९६२ च्या नियमांत ·३०३ आणि ७·६२ मिलिमीटर हीं मापें त्यासाठीं नांवानिशीं घातलेलीं होतीं. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय कलम तेरांत आहे. तशीच वीस इंचांहून कमी नसलेल्या, आंतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीचीही आहे. पण आमच्या विद्यार्थ्याची नळी पेंचदार होती. म्हणून ती ह्या सोयीबाहेर पडली. "मग दारू नको, हवेच्या दाबावर चालवूं," तो म्हणाला. परंतु व्याख्येंत 'स्फोटक किंवा अन्य प्रकारची शक्ति' असे शब्द आहेत. हवाही त्यांत आलीच. २०१६ च्या नियमांप्रमाणें वीस जूल शक्ति किंवा ४·५ मिलिमीटर व्यास ओलांडला कीं हवेची बंदूकही परवान्याच्या वर्गांत जाते. आणि त्या मर्यादेंतील छऱ्यानें रानडुकराच्या पाठीवरची माशी उडावयाची.

लक्षणानें बंदुकीचें रूप ठरावें हा प्रकार नवा नाहीं. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींस चालणारीं काडतुसें बंडखोरांच्या हातीं जाऊं नयेत, म्हणून इंग्रज सरकारनें १९०७ च्या सुमारास ·४५० मापाच्या बंदुका हिंदुस्थानांत आणण्यास बंदी केली. तेव्हां विलायतेंतील बंदूकवाल्यांनीं काय करावें? त्यांनीं ·४६५, ·४७०, ·४७५, ·४७६ अशीं नवींच मापें काढलीं. मारा तोच, शिकार तीच; आंकडा तेवढा निराळा. वाघास त्या दोन शतांश इंचांचा फरक कळला असेल, असें वाटत नाहीं. स्वातंत्र्यानंतरही ·३०३ हें माप सैन्याचें म्हणून नागरिकांसाठीं इशापूरच्या सरकारी कारखान्यांत ·३१५ ची रायफल होऊं लागली. उलट पुण्यास पाषाण येथील सरकारी संशोधन संस्थेनें सैन्यासाठीं ५·५६ मिलिमीटरची 'इन्सास' रायफल आंखली, तेव्हां हें कोडें तिच्यापुढें नव्हतें; केंद्र सरकारच्या आज्ञेनें होणाऱ्या कामास कलम पंचेचाळीसनें ह्या अधिनियमांतून वगळलें आहे.

ह्याच अधिनियमांत कोयत्याविळ्यांचा न्याय मात्र वेगळा आहे. केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठीं घडविलेली वस्तु शस्त्र नव्हे. तेथें प्रयोजन पाहिलें जातें. आमच्या नांदेडास सचखंड गुरुद्वाराच्या परिसरांत कृपाण धारण केलेले शीख बांधव नित्य दिसतात. त्यांच्या कृपाणास राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदांत धर्माचरणाचा भाग मानलें आहे. तेथें श्रद्धा पाहिली जाते. "कोयत्याचा हेतु पाहतां, कृपाणाची श्रद्धा पाहतां, मग माझ्या भुईमुगाची नड कां पाहत नाहीं?" असें आमच्या विद्यार्थ्यानें विचारलें.

प्रश्न रास्त होता. आम्हांस सुचलेलें उत्तर असें, कीं हेतु हा धन्यापाशीं राहतो आणि बंदूक धन्याहून अधिक जगते. आज भुईमूग राखणारी नळी उद्यां विकली जाईल, चोरीस जाईल किंवा वांटणींत भलत्याच पुतण्याच्या हातीं पडेल. त्या वेळीं पहिल्या धन्याचा सद्धेतु तिच्यावर कोरलेला नसतो. रचना मात्र तीच राहते. म्हणून बंदुकीचें लक्षण रचनेवर बांधलें, हें आमच्या मतें योग्यच झालें; त्यांत एखादा सज्जन अडकला तरी ती अतिव्याप्ति सोसण्याजोगी आहे. न सोसण्याजोगें आहे तें निराळेंच. ज्या लक्षणावर सात वर्षांची कैद टांगली आहे, तें लोखंडास हात लावणाऱ्या मनुष्यास त्याच्या भाषेंत, सोप्या शब्दांत, आणि लोखंड कापण्यापूर्वीं समजलें पाहिजे. हुशार हात आडमार्गास लागतात ते पुष्कळदां दुष्टपणामुळें नव्हेत, तर सरळ मार्गाची पाटी वाचतां न आल्यामुळें.

त्या विद्यार्थ्यानें आपला नकाशा गुंडाळून ठेवला. सध्यां तो शेताच्या कुंपणासाठीं झटका मशीनच्या पेट्या तयार करितो, आणि त्यांस मागणीही आहे. एक चांगली रायफल जन्मास आली नाहीं ह्याची थोडी हळहळ आम्हांस वाटते. एक चांगला कारागीर तुरुंगाबाहेर राहिला ह्याचें समाधान त्याहून अधिक आहे. ज्या घरांत यंत्राची आवड असलेली मुलें आहेत, त्या घरच्या वडील मंडळींनीं त्यांस एवढेंच सांगावें, कीं बाबांनो, कांहीं वस्तूंच्या बाबतींत पट्टी आणि कंपास हीं मागाहून घ्यावयाचीं. आधीं व्याख्या वाचावयाची.