शेजारच्या खाटेवरचा माणूस

दिल्लीत माझी एकोणतीस वर्षं गेली, त्यातली बहुतेक मलकागंजमध्ये. गावाकडून पाहुणे आले की मी त्यांना हौसेने टेकडीवर, हिंदूराव रुग्णालयाच्या फाटकापर्यंत न्यायचो. हे हिंदूराव म्हणजे कागलचे घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. १८३५ मध्ये ब्रिटिश अधिकारी विल्यम फ्रेझरचा खून झाला, त्यानंतर त्याचा इथला बंगला त्यांनी घेतला आणि त्या जागेला मराठी नाव चिकटलं ते आजपर्यंत. हा इतिहास मला तोंडपाठ होता.

त्याच रुग्णालयात एका थंडीत थोरल्या भावाला ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवर रस्त्यावरून आणलेला एक म्हातारा होता. केसपेपरवर 'अज्ञात'. पायाच्या जखमेला वास यायचा. मी त्याच्याकडे पाठ करून बसायचो. भावाची खाट बदलून मिळेल का, असंही विचारून आलो. असे अकरा दिवस गेले.

मिशनऱ्यांच्या सेवेविषयी माझं मत तेव्हा पक्कं होतं. सेवा म्हणजे धर्मांतराचं आमिष, असं आमच्या घरात सगळेच म्हणत. मला मात्र दुसरा आक्षेप अधिक वजनदार वाटे: हे लोक गरिबात ख्रिस्त पाहतात, म्हणजे गरिबाला पाहतच नाहीत. तो नुसती त्यांच्या मोक्षाची पायरी.

बाराव्या दिवशी निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीतल्या दोन सिस्टर त्याला न्यायला आल्या. मजनू का टीलाजवळ मदर तेरेसांच्या संस्थेचं 'निर्मल हृदय' आहे, तिथे. एक स्टूल ओढून त्याच्या तोंडाशी बसली. "बाबा, आपका नाम?" उत्तर नाही. तिने पुन्हा विचारलं, मग थांबली, पुन्हा विचारलं. आणि तो बोलला. नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, बदायूंजवळचं गाव सांगितलं. मी दोन हातांवर होतो. अकरा दिवसांत तो बोलू शकतो हेही मला कळलं नव्हतं. तिला मात्र तो माझ्यापेक्षा लख्ख दिसत होता.

नंतर मी मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय काढून वाचला. न्यायाच्या दिवशी राजा ज्यांना जवळ घेतो, त्यांना आपण त्याला कधी जेवू घातलं हे आठवतच नाही. त्यांनी समोरचा उपाशी माणूस पाहिला होता, एवढंच. माझा आक्षेप त्या जागी कोसळला. आणि बायबल म्हणतं तसा माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला असेल, तर ते रूप त्याचं स्वतःचंच आहे, कुणी वरून चढवलेलं नाही. संत एकनाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट मी आजीच्या मांडीवर ऐकली. देव पाहण्याच्या नादात नाथांना गाढव दिसलं नाही, असं मला कधी वाटलं नाही. जे नाथांना दिलं, ते त्या सिस्टरला द्यायला मी इतकी वर्षं तयार नव्हतो. याची मला लाज वाटते.

सगळंच पटलं, असं नाही. १९९४ मध्ये 'लॅन्सेट'मधल्या एका लेखात कलकत्त्याच्या निर्मल हृदयात प्रभावी वेदनाशामकं दिली जात नसल्याची टीका झाली होती. ती मला रास्त वाटते. ज्याच्यात देव दिसतो, त्याचं दुखणं आधी थांबवायला हवं. म्हणून तीस हजारीचं सेंट स्टीफन्स रुग्णालय मला मोलाचं वाटतं. १८८५ पासून त्या संस्थेत श्रद्धेच्या जोडीला डॉक्टरी विद्या आहे.

आता मी दर रविवारी मजनू का टीलाला जातो. दाढ्या करतो, नखं कापतो. बदायूंचे बाबा त्याच थंडीत गेले. त्यांच्या रिवाजाप्रमाणे निगमबोध घाटावर दहन झालं. घाटावरच्या पावतीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट.